हुजूर म्हणजे साहेब

१

पान फाटलेलं नव्हतं, कापलेलं होतं.

सुलेखा दिघेने चष्मा कपाळावर सरकवला आणि डायरी खिडकीपाशी उजेडात धरली. एकोणीसशे सत्तर सालची डायरी, इंग्लंडातली, एका पृष्ठाला एक दिवस. डावीकडे आठ जून आणि उजवीकडे एकदम अकरा जून. मधल्या पानाची, म्हणजे नऊ आणि दहा जूनची, शिवणीलगत बोटभर पट्टी तेवढी उरली होती.

तिने पट्टीच्या कडेवरून नख फिरवलं. ब्लेड असतं तर कड सरळ लागली असती. ही कड दर अर्ध्या इंचावर अडखळत होती. छोट्या पात्यांची कात्री, आणि कापणाऱ्याला अजिबात घाई नव्हती.

"कोणी केलं असेल?" प्रल्हाद सबनीसांनी विचारलं.

सुलेखाने एकतीस वर्षं अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसच्या एका विमा कंपनीत क्लेम तपासण्यात घालवली होती. लोकांची घरं जळतात, गाड्या चोरीला जातात, हिऱ्याच्या कुड्या सिंकमध्ये पडतात, आणि त्यातलं खरं किती ते बघायला कंपनी तिला धाडायची. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी कोलंबसशेजारच्या डब्लिनमधल्या मराठी घरांत काही हरवलं की फोन तिलाच. फुकटात कोण येतं दुसरं? आजही रविवारी सकाळी प्रल्हादरावांचा फोन आला आणि ती हातातला चहा टाकून आली होती.

प्रल्हादराव चौऱ्याऐंशीचे, काठीसारखे ताठ, घरातही ब्लेझर घालणारे. तरुणपणी इंग्लंडात वेल्डन नावाच्या गावी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते आणि तिथल्या मजूर पक्षाचं काम करायचे. दारोदार फिरून मतं मागायची, सभा भरवायच्या, मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्यांना गाडीतून न्यायचं. त्या दिवसांवर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं. शनिवारी महाराष्ट्र मंडळात त्याचं प्रकाशन, त्यांचा सत्कार, आणि चौदा डायऱ्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीला सुपूर्द करण्याचा कार्यक्रम होता. आणि त्यातल्या नेमक्या सत्तर सालच्या डायरीचं पान गायब.

"लायब्ररीवाले असली कापलेली डायरी घेतील का? मला नाव कळलं पाहिजे, सुलेखा. शनिवारच्या आत."

"पान नको? नुसतं नाव?"

"पानही हवंच की." ते जरा थांबून म्हणाले. "तसं त्या पानावर काही नव्हतं म्हणा. हवापाणी. त्या आठवड्यात पाऊस फार होता."

सुलेखाने मान डोलावली. ती त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीकडे बघत होती. तिथे एक टाइप केलेलं पत्र सोनेरी चौकटीत लावलेलं होतं. वेल्डनच्या कारखान्याचे डायरेक्टर ॲशक्रॉफ्ट यांनी ओहायोतल्या कंपनीला लिहिलेलं शिफारसपत्र. या हुशार तरुणाला अवश्य घ्या. तारीख बावीस जून एकोणीसशे सत्तर. या एका पत्रावर आम्ही अमेरिकेत आलो, असं प्रल्हादराव आल्यागेल्याला सांगत.

बाहेर गाडीत बसल्यावर तिने किल्ली फिरवली नाही. ज्याचं खरंच चोरीला जातं त्याला काय गेलं ते धड आठवत नाही, हे ती एकतीस वर्षं बघत आली होती. इथे पंचावन्न वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी पानावर काय नव्हतं, ते या गृहस्थांना पक्कं आठवत होतं.

२

डायऱ्या इंग्रजीत आणायचं काम मंडळाने अंकुरला दिलं होतं. अंकुर नागपूरचा, इथे डेटा सायन्समध्ये मास्टर्स करणारा, सव्वीस वर्षांचा. रोज दुपारी सबनीसांच्या डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसायचा, आणि सुलभाकाकू त्याला पोटभर खाऊ घालायच्या. सुलेखाने त्याला पब्लिक लायब्ररीत गाठलं.

"मावशी, मी कशाला कापू यार? माझं नाव येणार आहे ना त्या आर्काइव्हवर. उलट मीच आज सकाळी काकांना दाखवलं की पान मिसिंग आहे."

"स्कॅन केलं होतंस?"

त्याचा चेहरा पडला. "नाही. स्कॅनिंग शेवटी करणार होतो. पण ते पान ट्रान्सलेट झालंय. इलेक्शनचा महिना म्हणून जून आधी घेतला होता. बुधवारी केलं, गुरुवार-शुक्रवार माझी मिडटर्म होती, आणि आज उघडलं तर हे."

"काकांनी वाचलंय ट्रान्सलेशन?"

"नाही अजून. सगळं एकदम देणार होतो."

त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. नऊ जूनखाली इंग्रजीत तीन वाक्यं होती. आज यादी बॉसकडे पोचवली. ॲशक्रॉफ्ट म्हणाला, आता तुझं काम माझ्याकडे लागलं. वसंताला कपाटाची किल्ली परत दिली.

सुलेखाने ती दोनदा वाचली. पावसाचा एक थेंबही नव्हता त्यात.

"यादी कसली रे?"

"पार्ट्स लिस्ट असेल. काका फॅक्टरीत होते ना. ॲशक्रॉफ्ट म्हणजे त्यांचा बॉस, किल्ली टूल्सच्या कपाटाची. बोअरिंग पान आहे, मावशी. म्हणून तर कळत नाही कोणी कशाला कापलं."

"बॉस हा शब्द मूळ मराठीत होता?"

"नाही नाही. काहीतरी जुना शब्द होता. अक्षरच लागत नव्हतं, म्हणून काकूंना विचारलं. त्यांनी चष्मा आणला, वाचलं, आणि म्हणाल्या, हुजुरांकडे. मी म्हटलं, म्हणजे काय? त्या म्हणाल्या, हुजूर म्हणजे साहेब. मग मी बॉस लिहिलं. बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," सुलेखा म्हणाली. "पुढे काय झालं?"

"काही नाही. त्या आत गेल्या. त्या दिवशी पोळ्या करपल्या तेवढ्या."

सुलेखाला तो शब्द कुठेतरी टोचला. पण कुठे, ते लक्षात येईना.

३

पुस्तकाची कच्ची प्रत मंडळाने तिला महिन्यापूर्वीच शुद्धलेखन बघायला दिली होती. ती तिने रात्रीच्या जेवणाआधी पुन्हा काढली आणि सातवं प्रकरण उघडलं. नाव होतं, 'फितूर घरातलाच'.

प्रल्हादरावांनी लिहिलं होतं झकास, त्यात वाद नाही. वेल्डनमध्ये हिंदी लोकांची चारशे तीस घरं होती. कॉमनवेल्थमधून आलेल्यांना तिथलं नागरिकत्व नसलं तरी मत देता यायचं, आणि ही सगळी मतं मजूर पक्षाची. दोन वर्षं खपून त्या घरांची एक यादी केली होती. कोणाच्या छपराला गळती आहे, कोणाच्या भावाचे कागद अडलेत, घरात शब्द कोणाचा चालतो, सगळं त्यात. सत्तरच्या जूनमध्ये ती यादी विरोधकांच्या हाती गेली. त्यांचा उमेदवार एकेका दारात असा आला की जणू त्या घरचं दुखणं त्याला आधीच कोणी सांगून ठेवलंय. मजूर पक्ष एकशे सत्त्याऐंशी मतांनी पडला. यादी ठेवलेल्या कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे होती. 'तो होता वसंत रेगे, बस कंडक्टर, माझा सख्खा मेहुणा. ज्याने मला वेल्डनला आणलं त्यानेच आम्हाला विकलं. फितूर नेहमी घरातलाच असतो.'

वसंत आता हयात नाही, असंही प्रकरणाच्या शेवटी होतं. शनिवारी या पुस्तकाच्या दोनशे प्रती वाटल्या जाणार होत्या. मेलेल्या माणसाला उत्तर द्यायला तोंड नसतं, आणि छापलेलं कोणी परत घेत नाही.

सोमवारी ती राजकडे गेली. राज प्रल्हादरावांचा एकुलता एक मुलगा, एक्कावन्न वर्षांचा, इथेच जन्मलेला. तो यंदा स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला उभा होता. गॅरेज प्रचाराच्या पाट्यांनी भरलं होतं, गाड्या बाहेर.

"ऑनेस्टली, मावशी, मला त्या डायरीज नोव्हेंबरनंतर द्यायला हव्या होत्या," तो म्हणाला. "माझा ऑपोनंट ऑलरेडी मला सोशलिस्ट म्हणतोय. डॅड त्या ब्लू पार्टीत होते ना तिथे."

"ब्लू?"

"लेबर. लाइक डेमोक्रॅट्स. ब्लू."

"अरे, तिकडे मजूर पक्ष लाल. निळे ते दुसरे, कॉन्झर्व्हेटिव्ह."

"सीरियसली?" तो ओशाळून हसला. "बघा, आय डोन्ट नो एनीथिंग. मराठी वाचता येत नाही मला. मी कुठलं पान कापायचं ते तरी कसं कळणार?"

तो खरं बोलत होता. ज्याला लाल-निळं उलटं माहीत आहे तो पक्षाची भानगड काय झाकणार? सुलेखा निघाली, आणि दारात सहज म्हणून विचारलं, "तुझ्या मामाबद्दल आईने काही सांगितलंय कधी?"

"मामा?" राजने तिच्याकडे बघितलं. "मॉमला भाऊच नाहीये. शी डझ द मून थिंग, यू नो. भाऊबीजेला मूनला ओवाळते. भाऊ नसला की करतात ते."

सुलेखा गाडीकडे चालू लागली. वडिलांच्या पुस्तकातला फितूर आपला सख्खा मामा आहे हे या मुलाला माहीतच नव्हतं.

४

मंगळवारी दुपारी प्रल्हादराव सत्काराच्या भाषणासाठी मंडळात माइक तपासायला गेले होते, तेव्हा ती सुलभाताईंकडे गेली. सुलभाताई एकोणऐंशीच्या, बोलायला कमी, हाताला सतत काम. आजही मांडीवर गोधडी होती, आणि गळ्यात नाडीला बांधलेली दोरे कापायची चिमुकली कात्री. तिची पाती जेमतेम अर्ध्या इंचाची होती.

सुलेखाने कात्री बघितली आणि नजर काढून घेतली. एवढ्यावर कोणाला पकडायचं नसतं. डब्लिनमधल्या निम्म्या बायकांकडे तसली कात्री असेल.

"बस. शंकरपाळे खा. यांनी तुला कामाला लावलंय म्हणे."

"तुम्हाला कोणाचा संशय येतो, सुलभाताई?"

"मला कोण विचारतं?" त्यांनी दोरा दाताने ओला करून सुईत ओवला. "त्या निवडणुकीचं एवढं कौतुक कशाला मांडलंय तेही मला कळत नाही. मीही फिरायचे की घरोघर. पोटुशी होते तरी फिरले. लाल फीत लावून. पुढे ते पोर राहिलं नाही. पण त्या जूनमध्ये हुजुरांची हवा होती, काय करणार? आमची मजुरांची सभा भरायची आणि मतं मात्र हुजुरांच्या पेटीत."

सुलेखाचा हात शंकरपाळ्यांच्या डब्यात तसाच राहिला.

आता तिला आठवलं तो शब्द कुठे टोचला होता ते. साताऱ्याला तिचे बाबा सकाळी पेपर मोठ्याने वाचायचे. 'ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचा पराभव, हुजूर पक्ष सत्तेवर.' आठ-दहा वर्षांची असताना तिला तो यमकाचा खेळ वाटायचा, मजूर-हुजूर, मजूर-हुजूर. त्या काळच्या प्रत्येक मराठी पेपरात कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला हुजूर पक्षच म्हणत. अंकुरच्या पिढीला ते कुठून माहीत असणार? त्याने साहेब ऐकलं आणि बॉस लिहिलं.

पण सुलभाताईंना माहीत होतं. आत्ता या क्षणी त्या बोलल्या होत्या. मग बुधवारी त्या पोराला त्यांनी, हुजूर म्हणजे साहेब, असं का सांगितलं?

चहा ठेवायला त्या आत गेल्या तेव्हा सुलेखा उठून भिंतीपाशी गेली. लग्नाचा फोटो होता. वेल्डनच्या रजिस्टर ऑफिसच्या पायरीवर प्रल्हादराव, आणि शेजारी साडीवर ओव्हरकोट घातलेल्या कोवळ्या सुलभाताई. हा फोटो तिने शंभरदा बघितला होता, आणि तो चौकटीच्या मानाने अरुंद आहे हे तिला शंभरदा जाणवलंही होतं. उजवी कड कापलेली होती. तिने नाक काचेला लावलं. कड दर अर्ध्या इंचावर अडखळत होती. आणि सुलभाताईंच्या खांद्यावर, फोटो संपतो तिथे, मनगटापासून पुढचा एक पुरुषाचा हात होता.

"गुरुवारी संध्याकाळी येशील?" मागून सुलभाताईंचा आवाज आला. "भाऊबीजेला. दरवर्षी तू मला अंगणात चंद्र दाखवायला नेतेस. यंदा अंगणात नाही जायचं."

"गुडघे दुखतायत?"

"नाही," सुलभाताई म्हणाल्या. "यंदा चंद्राला ओवाळायचं नाही."

५

सुलेखाने चहाचा कप खाली ठेवला. आता ताणण्यात अर्थ नव्हता.

"सुलभाताई, पान तुम्ही कापलंत."

सुलभाताईंनी टाका पूर्ण केला, गाठ मारली आणि कात्रीने दोरा तोडला. "कशावरून?"

"राजला मराठी वाचता येत नाही. अंकुरला वाचता येतं, पण हुजूर म्हणजे कोण ते कळलं नाही, त्यामुळे त्याच्या लेखी ते पान पार्ट्सच्या यादीचं. प्रल्हादरावांना सगळं माहीत आहे, पण त्यांना कापायचंच असतं तर पंचावन्न वर्षं डायरी घरातच होती. ते चौदा डायऱ्यांच्या भरात ते पान विसरले होते, आणि अंकुरने तारीख सांगितल्यावर त्यांना आठवलं. म्हणून मला हवापाणी सांगितलं. राहिलात तुम्ही. तुम्ही ते बुधवारी पहिल्यांदा वाचलंत, आणि त्या पोराला मुद्दाम चुकीचा अर्थ सांगितलात. हा फोटो आणि ती डायरी एकाच हाताने कापलीय."

"फोटो सत्तर सालच्या ऑगस्टात कापला," सुलभाताई म्हणाल्या. "तेव्हाची कात्री वेगळी होती. हात हाच."

त्या उठल्या. देवघराच्या फळीवरून पोथी काढली आणि तिच्यातून पान काढून सुलेखापुढे ठेवलं. निळी शाई, प्रल्हादरावांचं लपेटदार अक्षर.

'आज यादी हुजुरांकडे पोचवली. ॲशक्रॉफ्ट म्हणाला, आता तुझं काम माझ्याकडे लागलं. वसंताला कपाटाची किल्ली परत दिली.'

"ॲशक्रॉफ्ट कारखान्याचे डायरेक्टर आणि वेल्डनच्या हुजूर पक्षातले बडे," सुलभाताई म्हणाल्या. "गावात सगळ्यांना ठाऊक होतं."

"आणि अठराला मतदान झालं. बाविसाव्या तारखेला ते शिफारसपत्र."

"हो. रोज त्याच्यावरची धूळ पुसते मी." त्यांचा आवाज शांत होता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "दादाला यांनी किल्ली मागितली असणार. काहीतरी नक्कल करायचीय म्हणून. दादा देणारच. मेहुणा ना. नंतर सगळा गाव त्याच्या अंगावर गेला तेव्हा तो एवढंच म्हणत होता, मी प्रल्हादला किल्ली दिली होती. आणि हे म्हणाले, कधी? मी कुठे मागितली? हे शिकलेले, ड्राफ्ट्समन. तो बस कंडक्टर. कोणाचं खरं मानणार लोक?"

"तुम्ही?"

"मी यांचं मानलं." त्यांनी गोधडी बाजूला सारली. "माझं माहेर म्हणजे तो एकटा होता तिथे. आईवडील लहानपणीच गेले. त्यानेच वाढवलं, त्यानेच मला बोलावून घेतलं, त्यानेच लग्न लावलं. आणि मी त्याच्या तोंडावर दार लावलं. इथे आल्यावर दर भाऊबीजेला त्याचं पत्र यायचं. बारा वर्षं. बारा पत्रं आली, बाराही मी माझ्या हाताने पोस्टमनला परत दिली. हे म्हणायचे, उघडून बघ हवं तर. उघडायची माझी हिंमत नाही हे यांना पक्कं ठाऊक होतं. तेराव्या वर्षी पत्र आलं नाही, आणि मी समजले. दाराशी उभी राहून समजले. रडलेही नाही गं. फितुरासाठी कोण रडतं?"

 सुलेखा क्लेमवाली बाई होती. नुकसान मोजायची सवय, पण हे कुठल्या कलमात बसवायचं?

"मग तुम्ही पान लपवलंत का? दाखवायचं होतं सगळ्यांना."

"लपवलं नाही. घरात ठेवलं. यांना एवढंच कळावं की कोणीतरी वाचलंय. कोणी, ते कळू नये. रविवारपासून बघतेय मी. ताटातलं तसंच टाकतात, फोन वाजला की दचकतात. राजकडे संशयाने बघतात, त्या गरीब अंकुरकडे बघतात. माझ्याकडे बघत नाहीत. माझा दादा बारा वर्षं असाच विचार करत बसला असेल, की माझं काय चुकलं."

बाहेर गॅरेजचं दार वर जाण्याचा आवाज आला. प्रल्हादराव परत आले होते.

"यांनी तुला नाव शोधायला सांगितलंय ना?" सुलभाताई पान पोथीत ठेवत म्हणाल्या. "गुरुवारी ये, आणि सांग."

६

गुरुवारी संध्याकाळी सूर्य मावळायच्या सुमाराला सुलेखा गेली. प्रल्हादराव त्या चौकटीतल्या पत्राखाली बसले होते. चार दिवसांत ब्लेझर त्यांना मोठा व्हायला लागला होता.

"नाव कळलं?"

"कळलं. आणि पानही कळलं. पाऊस नव्हता त्या दिवशी, प्रल्हादराव."

 ते आवाज चढवून बोलले. "तुला काय माहीत तेव्हाचे दिवस. दोन खोल्यांत आम्ही सात माणसं. माझ्या हाताखाली शिकलेला गोरा पोरगा माझा साहेब झाला. मजूर पक्ष, मजूर पक्ष करून मला काय मिळालं? पत्रकं वाटायला पाठवायचे, स्टेजवर कधी बसवलं नाही. ॲशक्रॉफ्टने एकदाच विचारलं, मी एकदाच दिलं. त्यावर हे घर झालं, राज शिकला. वसंताचं काय गेलं? तो कंडक्टर होता आणि कंडक्टरच राहिला."

"त्याची बहीण गेली," सुलेखा म्हणाली.

"नाव सांग. राज?"

"फितूर घरातलाच आहे. तुमचंच वाक्य आहे."

"म्हणजे राजच. त्या पोराने वाचून दाखवलं असेल त्याला." ते पुढे झुकले, आणि आवाज एकदम खाली आला. "सुलभाला नाही ना कळलं? तिला नको कळायला. तसं तिला त्या राजकारणातलं काय कळतंय म्हणा."

"हुजूर म्हणजे साहेब," स्वयंपाकघराच्या दारातून सुलभाताई म्हणाल्या. "एवढंच कळतं मला."

त्यांच्या हातात तबक होतं. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. दुसऱ्या हातात ती डायरी होती. त्यांनी ती प्रल्हादरावांच्या मांडीवर ठेवली. पान परत जागेवर होतं. लाल दोऱ्याने, गोधडीच्या बारीक टाक्याने, पट्टीला शिवलेलं. त्याच्याखाली टाचणीने एक चिठ्ठी लावली होती, आणि हुजूर म्हणजे कोण, यादी कसली, किल्ली कोणाची, हे तीन वाक्यांत सुलभाताईंच्या अक्षरात लिहिलेलं होतं.

"अंकुरकडून ही चिठ्ठीही इंग्रजीत करून घेतलीय," त्या म्हणाल्या. "शनिवारी लायब्ररीला असंच द्यायचं. तुमचं पुस्तकही वाटा. सातवं प्रकरण काढू नका. लोकांना दोन्ही वाचू द्या."

"सुलभा, पंचावन्न वर्षं संसार केलाय आपण."

"त्या यादीवर केलाय."

"मी शनिवारी जाणार नाही."

"जाल. तुम्हाला स्टेजवर बसायचं होतं ना?"

प्रल्हादरावांनी सुलेखाकडे बघितलं, जणू हे नुकसान कुठेतरी भरून देण्याची सोय तिच्या हातात आहे. तिने नजर वळवली.

सुलभाताई भिंतीपाशी गेल्या. लग्नाचा फोटो त्यांनी उतरवला होता आणि पाटावर मांडला होता, खाली तांदळाचं स्वस्तिक काढून. त्या पाटासमोर बसल्या. गुडघे वाकताना त्रास झाला, तेव्हा सुलेखाने हात दिला. खिडकीतून बीजेची कोर दिसत होती. त्यांनी तिकडे बघितलं नाही.

कुंकवाचं बोट त्यांनी फोटोवर नेलं आणि ते हवेत थांबलं.

"बाकीचा तुकडा तेव्हा शेगडीत टाकला मी," त्या म्हणाल्या. "दादाचा दुसरा फोटो माझ्याकडे नाही. चेहरा आठवायला गेलं की नाक येतं, डोळे येत नाहीत."

मग त्यांनी काचेवर, आपल्याच खांद्यावर राहिलेल्या त्या मनगटापुढच्या हाताला कुंकू लावलं, दोन अक्षता चिकटवल्या आणि ओवाळायला सुरुवात केली.